विजूच्या नावाची हळद

चॅनेलवाले तीन वाजता येणार, ही बातमी मृणालला सकाळी साडेनऊला कळली, आणि तीही घरच्या माणसाकडून नव्हे, धुमालवाल्या, ढोलपथकाच्या मोनूकडून. भिलाईतल्या रिसालीच्या त्या गल्लीत मांडव घातला होता, टेम्पोतून ढोल उतरत होते आणि मृणाल वाजवणाऱ्या पोरांना पोह्यांच्या प्लेटा देत होती. मोनूनं प्लेट घेतली, लिंबू पिळलं आणि विचारलं, "भाभीजी, कैमरा किधर लगेगा? हम लोग उसी हिसाब से खड़े होंगे."

"कैसा कैमरा?"

"रायपुर वाला. हल्दी गीत का ओरिजिनल रिकॉर्ड करने आ रहे हैं न. अभिनव भैया ने बताया नहीं आपको?"

अभिनव भैयांनी आईला काहीच सांगितलं नव्हतं. मृणाल प्लेटांचा ट्रे मोनूच्याच हातात देऊन आत गेली. आज तिच्या लेकीची, उन्नतीची हळद होती. आपल्याच घरात काय शिजतंय ते वाजंत्र्यांकडून कळावं, याचा तिला भारी राग आला.

मधल्या खोलीत अभिनव लॅपटॉप घेऊन बसला होता आणि त्याच्या शेजारी सासरे, भैयालाल बांते. हळद दुपारी चारची, पण सासऱ्यांनी नवा कुर्ता आत्ताच चढवला होता, खिशाला पेनसुद्धा लावलं होतं. मृणालनं दार लोटून घेतलं.

"मामाजी, कोन येऊन राहिले तीन वाजता?"

सासऱ्यांनी नातवाकडं पाहिलं. नातवानं लॅपटॉपकडं पाहिलं.

"मम्मी, रागावू नको," अभिनव म्हणाला. "रायपूरचं चॅनेल आहे. पुराने गानों की कहानी करते हैं वो लोग. मी त्यायले सांगतलं का हे गाणं आमच्या घरचं आहे, तर पहले तो विश्वास ही नहीं किया."

"आणि विजूआत्या?"

अभिनवनं लॅपटॉप मिटला.

"उन्नतीनं शब्द देला आहे आत्यांले, का ते गाणं आज वाजणार नाही. तेव्हा कुठं त्या यायले तयार झाल्या. मोनूले मी स्वतः सांगतलं, बाकी काहीही वाजव, ते नको. आणि तुमी दोघं इथं दार लावून कॅमेरे बोलावून राहिले?"

"वाजवनार नाही," भैयालाल म्हणाले, "गानार आहे. वाजवनं वेगळं, गानं वेगळं."

असा वकिली मुद्दा काढताना त्यांचा घसा दोनदा खरखरला. पूर्वी तो आवाज असा होता, की पोलाद कारखान्यातल्या ब्लास्ट फर्नेसच्या गोंगाटातही भैयालालनं हाक मारली तर पलीकडचा माणूस वळून पाहायचा. आता सत्याहत्तराव्या वर्षी तो आवाज बराचसा गेला होता. हट्ट मात्र होता तेवढाच होता.

बांत्यांच्या घरात, तुमसरकडच्या त्यांच्या गावच्या बायकांत, हळदीचं एक गाणं आहे. एकीनं विचारायचं, बाकीच्यांनी सांगायचं:

अंगनी सांडली हळद गं बाई, हळद कोनाच्या नावाची?
हळद विजूच्या नावाची, श्यामरावाच्या गावाची.

घरातल्या ज्या पोरीची हळद असेल तिचं नाव आणि होणाऱ्या नवऱ्याचं नाव त्यात घालायचं. याला त्या नाव बांधणं म्हणत. सत्त्याऐंशीच्या फेब्रुवारीत हळद होती भैयालालांच्या धाकट्या बहिणीची, विजयाची, आणि नाव बांधलं होतं भैयालालांच्या बायकोनं, सिंधुताईंनी. त्याच आठवड्यात दुर्गच्या एका कॅसेटवाल्यानं प्लांटमधल्या भजनी मंडळींना गायला बोलावलं. भैयालालांनी तेच गाणं, त्याच दोन नावांसकट, टेपवर गाऊन टाकलं. कॅसेट तुफान चालली. विजयाचं लग्न आठ महिने चाललं.

पुढं त्या गाण्याला जे पाय फुटले ते काही थांबले नाहीत. सुपेल्याच्या एका ऑर्केस्ट्रानं ते बँजोवर घेतलं. राज्य वेगळं झाल्यावर एका अल्बमवाल्यानं छत्तीसगढी बोल लिहिले, "हरदी काखर नाव के", आणि उत्तर ठेवलं "बिजू के नाव के". मग धुमाल आलं, डीजे आला, डोंगरगढच्या रस्त्यावर नाचणारी पोरं आली, कुठल्याशा शाळेच्या स्नेहसंमेलनात ते मराठी गीत म्हणून बसवलं गेलं, आणि आता दोन वर्षांपासून रील्स. अभिनवच्या लॅपटॉपमध्ये या एका गाण्याची तेवीस निरनिराळी रूपं जमली होती. चाल ढिली झाली, घट्ट झाली, मधली कडवी गळाली, पण गाणं जिथं जिथं गेलं तिथं ती दोन नावं सोबत घेऊन गेलं. विजू कोण, श्यामराव कोण, हे नाचणाऱ्यांना कशाला ठाऊक असणार.

"कॅसेटवर काय छापलं होतं, माहीत आहे ना तुले?" भैयालाल सुनेला म्हणाले. "गीत, पारंपरिक. कलाकार, भिलाई मंडली. बस. अडतीस वर्सं झाले. तेवीस लोकायनं गायलं, तेविसांचे नावं आहेत. माझंच नाही. एकदा तर येऊ द्या बाप्पा."

मृणालला वाईट वाटलं. खरं सांगायचं तर तिच्या मनात क्षणभर हेही येऊन गेलं, की नागपूरची व्याही मंडळी हे चॅनेलवर पाहतील, आपल्या घराचं नाव होईल. मग तिला आठवलं, की सहावी ते बारावी उन्नती सेक्टर सहामध्ये विजूआत्याकडं राहून शिकली, शाळा तिथून जवळ म्हणून. सात वर्षं त्या बाईनं पोरीच्या वेण्या घातल्या. मृणालला स्वतःचीच लाज वाटली.

"अभिनव, ऊठ," ती म्हणाली. "स्कूटी घे आणि आत्यांकडं जा. जे केलं ते त्यांच्या तोंडावर सांग. माझ्याकडून नाही, फोनवर नाही. तू सांग."

*

विजयानं सकाळीच साडीला इस्त्री केली होती. निवृत्तीनंतरही तिनं कंपनीचं क्वार्टर लीजवर ठेवलं होतं, तळमजल्याचं, मागं छोटं अंगण, नळ आणि कढीपत्त्याचं झाड. पस्तीस वर्षं ती प्लांटच्या टाइम ऑफिसात, हजेरी-पाळ्यांच्या कामावर क्लार्क होती. घरातल्या प्रत्येक लग्नात आदल्या दिवसापर्यंत ती राबायची, लाडू वळायची, याद्या करायची, आणि वाजंत्री आली की तिला हटकून ड्यूटी निघायची. आनंदच्या, म्हणजे तिच्या भाच्याच्या, मृणालच्या नवऱ्याच्या लग्नात तिनं चक्क रविवारी ड्यूटी काढली होती. आता निवृत्त झाल्यामुळं ती सोय राहिली नव्हती.

धीर गोळा करून अभिनव पोचला तेव्हा एक वाजून गेला होता; चप्पल काढता काढताच त्यानं सगळं सांगून टाकलं. ते ऐकून तिनं केस विंचरणं थांबवलं नाही.

"कोन गानार?"

"आबाजी. आणि आजी मागून. चॅनेलवाले म्हणतात, ओरिजिनल नावंच पाहिजेत. लोकांना तीच माहीत आहेत."

"बरं."

"आत्या, तू म्हनशील तर मी कॅन्सल करतो."

"कावून? दादाचा जीव आहे त्याच्यात. गाऊ दे त्याले." तिनं फणीतले केस काढले, गुंडाळले. "मी नाही येत फक्त."

अभिनव उभाच राहिला. तेवीस वर्षांचा तो पोरगा, रेकॉर्डिंगचं शिकलेला, कुठल्याही गाण्यातला कुठलाही आवाज वेगळा काढून दाखवायचा. आता तो चप्पल पुन्हा पायात सरकवू लागला.

"बस," विजया म्हणाली. "तुले माहीत आहे का मी परत आली तो दिवस? घरात कोनी सांगतलं नसेल. दिवाळीच्या आधीचे दिवस होते. श्यामराव मले घेऊन निघाले, म्हने माहेरी नेऊन देतो. दुर्गच्या फलाटावर त्यायनं माझी पेटी उतरवली अन् म्हनाले, इथून तुले रस्ता माहीत आहे. त्याच गाडीत परत बसले, पुढं गेले."

"बोलले नाहीत काही?"

"काय बोलनार? वाईट नव्हते ते. त्यायले लग्नच नव्हतं करायचं, घरच्यायनं धरून उभं केलं होतं. मी स्टेशनच्या बाहेर आली. समोर कॅसेटचं दुकान. भोंगा लावलेला. दादाचा आवाज. विजूच्या नावाची, श्यामरावाच्या गावाची. चार-पाच पोट्टे नाचून राहिले होते. रिक्षा त्यायच्या पलीकडं होत्या, मग मी पेटी घेऊन त्यायच्या मधूनच निघाली."

अभिनवनं मान खाली घातली. सतरा वर्षांचा असताना त्यानं स्वतःही त्या गाण्याचं एक रिमिक्स केलं होतं. तेवीसपैकी अकरावं ते.

"तुझं बी ऐकलं मी," विजया म्हणाली, जणू तिला ते दिसलंच. "विजू-विजू-विजू-विजूवालं. बाजूच्या क्वार्टरमधल्या पोराच्या मोबाइलवर. ताल चांगला बसवला होता."

"सॉरी, आत्या."

"त्यात काय सॉरी. मी दादावर नाही रागावली, तुझ्यावर नाही, श्यामरावावर बी आता नाही. पण पाह्य, त्यायचं गाव मी आठ महिन्यांत सोडलं. नोकरी केली, क्वार्टर घेतलं, रिटायर झाली. गान्यात मी अजून तिथंच आहे. लोक गातात तवा मले तिथं उभं राहून हासता येत नाही. येवढंच आहे."

तिनं आतून पितळी वाटी आणली, वर पांढरं फडकं बांधलेली. पहिली हळद आत्यानं कुटायची आणि आत्यानंच लावायची, ही घरची रीत. उन्नतीला सख्खी आत्या नव्हती, म्हणून तो मान विजयाचा. आंबेहळदीचा वास खोलीत पसरला.

"चार दिवस कुटली. हे घेऊन जा. उन्नतीले सांग, आत्याचं डोकं दुखून राहिलं."

"तिला मी खरं सांगणार," अभिनव म्हणाला. त्यानं वाटी स्कूटीच्या पुढं पायांमध्ये ठेवली आणि सेक्टर सहा ते रिसाली सगळा रस्ता वीसच्या वेगानं कापला.

*

वाटी आली आणि वाटीमागून कोणी आलं नाही, हे सिंधुताईंनी पाटावर बसल्या बसल्या पाहिलं. त्या सुपारीला हळकुंड बांधत होत्या. हातातला दोरा त्यांनी तसाच ठेवला.

अभिनवनं खरं ते सांगितलं. फलाटाचं, पेटीचं, नाचणाऱ्या पोरांचं, सगळं. पिवळ्या साडीत बसलेली उन्नती ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिनं गळ्यातली फुलांची माळ काढून कॉटवर ठेवली.

"मग मला हळद नको," ती म्हणाली. "आत्या नाही तर मैं भी नहीं बैठूंगी. पाहुण्यांना जे सांगायचं ते सांगा."

"आता हे एक नवीन," भैयालाल म्हणाले. "सगळे मलेच गुन्हेगार करून राहिले. मी काय मुद्दाम गायलं का तिचं नाव? जे बांधलं होतं ते गायलं. मले काय माहीत होतं पुढं असं होईल? बहीन आहे माझी. मले दुःख नाही का?"

"मामाजी, मग आज तरी राहू द्या ना," मृणाल म्हणाली.

"चॅनेलवाले रायपूरहून निघाले बी असतील!"

"आबाजी, मी फोन करतो त्यांना," अभिनव म्हणाला. सकाळी तो त्यांच्या बाजूला बसला होता. म्हातारा एकटा पडला आणि ते त्याच्या तोंडावर दिसलं.

"त्यायले नका देऊ दोष," सिंधुताई म्हणाल्या. "दोष माझा आहे."

सगळे वळले. सिंधुताई घरात फार बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. हे बोलणं त्यांनी अडतीस वर्षं पोटात ठेवलं होतं, आणि आता बाहेर काढताना त्यांना पहिल्यांदा भीती वाटली ती नवऱ्याची नाही, नातीची.

"आमच्यात नाव बांधतात, ते तुमाले माहीत आहे. सोडवतात बी. ते तुमाले नाही माहीत, कारन विजूनंतर या घरात पोरीचं लग्नच नाही झालं. उन्नतीचं पहिलं. पाचव्या दिवशी पोरगी माहेरी येते, अंगनात बसते, अंगाची हळद धुते. तवा एक कडवं म्हनून तिचं नाव गान्यातून सोडवा लागते. जिनं बांधलं तिनंच सोडवायचं. मंग गानं मोकळं होते, पुढच्या पोरीसाठी."

"मग?" उन्नतीनं विचारलं.

"मंग त्याच दिवशी यायची, तुझ्या आबाजीची, दुर्गले टेपची तारीख होती. यायले कडवे पाठ नव्हते. मी मागं बसून सांगनार होती. विजू सकाळीच अंगनात येऊन बसली, ओल्या केसानं. मी म्हनाली, बाई, संध्याकाळी येतो मंग सोडवू." सिंधुताई थांबल्या. "मले टेप पाहायची होती. मशीनमंदी आवाज कसा जाते ते पाहायचं होतं. कधी घराबाहेर पडली नव्हती मी. संध्याकाळी वापस आलो तर तिच्या सासरचे तिले घेऊन गेले होते."

"अन् टेपवर?" भैयालालांनी हळूच विचारलं. त्यांना उत्तर माहीत होतं, पण इतक्या वर्षांत त्यांनी दोन्ही गोष्टी कधी जोडून पाहिल्या नव्हत्या.

"नाव सुटलं नव्हतं, म्हनून टेपवर तेच घेतलं. दुसरं घेता येत नाही मंग. तुमी मले विचारलं होतं, कोनाचं घेऊ. मीच म्हनाली, विजूचंच घ्या." त्यांनी वाटीवरचं फडकं नीट केलं. "आज उन्नतीचं नाव कुठं बांधू? गानं मोकळंच नाही."

"आजी, तू ये सब मानती है?" अभिनवनं विचारलं. तो चिडवत नव्हता.

"मी मानतो का नाही, ते सोड. विजू मानते. ती वाट पाहात बसली होती ना त्या दिवशी."

उन्नती उठून आजीजवळ आली आणि तिच्या मांडीला मांडी लावून बसली. सिंधुताईंचा जीव तेवढ्यानं थोडा खाली बसला.

भैयालालांनी खिशातलं पेन काढलं, पुन्हा लावलं. मग म्हणाले, "आनंदले सांगा, गाडी काढ. मी बी येतो."

"आणि चॅनेलवाले?" मृणालनं विचारलं.

"बसतील. चहा पाजा त्यायले. कढी-भजे द्या."

*

गाडीतून चौघं उतरली तेव्हा विजया मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. दादा, वहिनी, मृणाल, अभिनव. आनंद गाडीतच बसून राहिला, त्याला रडारड सोसत नसे. वहिनीच्या हातात ती पितळी वाटी होती, फडक्यासकट. हळद परत आली, असंच विजयाला वाटलं.

"वहिनी, उन्नतीनं नाही म्हटलं का?"

सिंधुताईंचे गुडघे दुखत होते. त्या नळाच्या कट्ट्यावर टेकल्या. "विजू," त्या म्हणाल्या, "केस ओले कर अन् इथं बस."

यापलीकडं काही सांगावं लागलं नाही. विजयाच्या हातातली ओली चादर दोरीवर अर्धीच राहिली. साठ वर्षांची बाई ती, पेन्शनीचे कागद सगळ्या ऑफिसचे तिनं निस्तरलेले, पण त्या क्षणी तिला कळेना की उभं राहावं की बसावं. मृणालनं तिला धरून पाटावर बसवलं.

"तुले आठवते?" विजयानं विचारलं.

"रोज आठवते. मी त्या दिवशी तुले बसवून ठेवलं अन् टेप पाहायले गेली. माझी चूक आहे, बाई. यायची नाही. मले सांगायची हिंमत नव्हती."

विजयानं वहिनीकडं पाहिलं. घरच्यांना त्या कडव्याचा विसर पडला असेल, अशी तिनं स्वतःची समजूत घातली होती. विसरलेल्या माणसावर रागावता येत नाही, म्हणून ती समजूत तिला बरी पडत होती. आता तिला थोडा राग आला, खरा, जुना, आणि तो आल्याचं बरंही वाटलं.

"यायचं होतं लवकर," ती म्हणाली.

"हाव. यायचं होतं."

सिंधुताईंनी वाटीतली चिमूटभर हळद काढून तिच्या दोन्ही पायांना, दोन्ही हातांना आणि कपाळाला लावली. अभिनवनं नळाखालून बादली आणली आणि दोन्ही हातांनी धरून उभा राहिला. भैयालाल कढीपत्त्याच्या झाडाशी उभे होते, बहिणीकडं पाहायचं धाडस त्यांना होत नव्हतं. मृणाल मागून साथ द्यायला पुढं झाली. तिला कडवं येत नव्हतं, ती नुसती हुंकार धरणार होती.

सिंधुताईंनी पाणी सोडलं आणि म्हणायला लागल्या. आवाज पातळ, पण चाल पक्की.

सुटली हळद गं बाई, हळद आता कोनाची?
हळद वाहत्या पान्याची, पोर आपल्या मनाची.

विजयानं झटकन मान वर केली. लहानपणी गावाकडं तिनं हे कडवं वीस वेळा ऐकलं होतं. शेवटी असतं, पोर दुसऱ्या अंगनाची.

"वहिनी, असं नाही आहे ते."

"माहीत आहे मले. तसं तवा म्हनायचं होतं. आता असं आहे."

पिवळं पाणी पाटावरून ओघळून कढीपत्त्याच्या बुंध्याकडं गेलं. भैयालालांच्या चपला भिजल्या, ते सरकले नाहीत. विजया रडली, तोंड न झाकता, भरपूर. मृणाल तिचे केस पुसत राहिली. मग विजयाच भानावर आली आणि म्हणाली, "किती वाजले? चारची हळद ना? उन्नतीच्या पोटात काही गेलं का सकाळपासून?"

*

भैयालाल मांडवात पोचले तेव्हा सव्वाचार झाले होते. चॅनेलवाल्या गुंजनची दोनदा भजी खाऊन झाली होती. तिशीच्या आतली, हसरी मुलगी. तिनं त्यांच्या कुर्त्याला माइक लावला. त्यांनी आधी पेन काढून तिला जागा करून दिली.

"दादाजी, वही बिजू वाला गाइएगा. पब्लिक उसी को पहचानती है."

"वो वाला छूट गया, बेटा."

"मतलब?"

"मतलब अब जिसकी हल्दी, उसका नाम. असल में ये गाना ऐसा ही है. हम ही लोग भूल गए थे."

गुंजनला ते फारसं पटलं नाही, पण तिनं वहीत काहीतरी लिहिलं. "ठीक है. टाइटल में गीत किसका लिखूं?"

या प्रश्नाचं उत्तर भैयालालांनी अडतीस वर्षं तयार ठेवलं होतं. आंघोळ करताना, पाळीला सायकलनं जाताना, पुढं मॉर्निंग वॉकला, कितीदा तरी ते म्हणून पाहिलं होतं. अभिनव बाजूला श्वास रोखून उभा होता. समोर सिंधु पाटावर बसून उन्नतीच्या हातात हळकुंड बांधत होती. टेपच्या वेळी मागून सांगणारा आवाज तिचा होता. तो टेपमध्ये आला नव्हता एवढंच.

"पारंपरिक लिख दो," ते म्हणाले.

"और गायक?"

"पहले सिंधु बांते. उसके नीचे मेरा." मग त्यांना राहवलं नाही. "पर लिखना जरूर. बड़े अक्षर में."

मोनूनं पोरांना खूण केली. ढोल हलकेच सुरू झाला. विजया उन्नतीसमोर गुडघ्यावर बसली होती, दोन्ही हात मनगटापर्यंत पिवळे. तिनं पहिलं बोट उन्नतीच्या गालाला लावलं आणि उन्नतीनं डोळे मिटून घेतले. भैयालालांनी सूर लावला. तो जरा फाटला, त्यांनी तो तसाच पुढं नेला.

"अंगनी सांडली हळद गं बाई, हळद कोनाच्या नावाची?"

मांडवात साठ-सत्तर माणसं होती. रिसालीची, सेक्टर सहाची, ढोलवाली पोरं, मंडपवाला, स्वयंपाकी. सगळ्यांना उत्तर तोंडपाठ. कोणी काही विचार करायच्या आत ते एका आवाजात उठलं:

"विजूच्या नावाची!"

सिंधुताईंचा हात दोऱ्यावर थांबला. भैयालाल पुढची ओळ घ्यायची सोडून बहिणीकडं बघू लागले, आणि ढोल आपला वाजत राहिला.

विजयानं पिवळा हात वर केला, टाइम ऑफिसच्या खिडकीवर गर्दी झाली की करायची तसा. ढोल थांबला.

"विजू सुटली जी," ती म्हणाली, आणि हसली. "आता उन्नतीच्या म्हना."

भैयालालांनी घसा साफ केला आणि पुन्हा विचारलं, कोनाच्या नावाची. या वेळी सगळ्यांच्या आधी विजयानंच सांगितलं.